'यंग अँड डेंजरस' (१९९६) : पंचवीस वर्षांनी आवाज चालू करून बघितला

अर्धाचहा

कपाट आवरताना जुन्या व्हीसीडींचा गठ्ठा सापडला. त्यात 'यंग अँड डेंजरस'च्या दोन चकत्या. कव्हर गायब, वर मार्करने नुसतं 'चिनी मारामारी' लिहिलेलं. हॉस्टेलच्या दिवसांत आम्ही हा सिनेमा निदान सहा वेळा बघितला असेल आणि सहाही वेळा आवाज बंद करून, कारण वॉर्डनची खोली बरोबर आमच्या खाली होती. आता घरात व्हीसीडी लावायला काही उरलेलं नाही. शोधाशोध करून गेल्या शनिवारी पुन्हा बघितला. या वेळी आवाजासकट, सबटायटल्ससकट. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी भलताच सिनेमा डोक्यात घेऊन फिरत होतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. (स्पॉयलर भरपूर आहेत. सिनेमा १९९६ चा आहे, तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.) हाँगकाँगमधली एक सरकारी वसाहत, साल १९८५. मैदानात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना क्वान नावाचा गुंड आणि त्याची माणसं यथेच्छ बदडतात. ही पोरं मग 'हुंग हिंग' या टोळीतल्या बी नावाच्या दादाच्या पंखाखाली जातात. दहा वर्षांनी त्यांतला हो-नाम (एकिन चेंग) कॉजवे बे भागात बीचा उजवा हात झालेला असतो. सोबत जिवलग मित्र चिकन (जॉर्डन चान) आणि बाकीचे तिघे. बीच्या सांगण्यावरून ते एका प्रतिस्पर्ध्याचा काटा काढतात आणि इथून क्वानशी वैर पेटतं. क्वान त्यांना मकावला सापळ्यात अडकवतो. एक मित्र मरतो. हो-नामला औषध पाजून चिकनच्या मैत्रिणीबरोबर झोपवलं जातं. चिकन तैवानला निघून जातो. इकडे क्वान टोळीप्रमुख च्यांगला खाली खेचून स्वतः गादीवर बसतो, बीला बायकापोरांसकट संपवतो आणि हो-नामची टोळीतून हकालपट्टी होते. शेवटी चिकन परत येतो, क्वानचं बिंग फुटतं, तो मरतो.

आम्हाला हॉस्टेलवर यातलं काय कळलं होतं? पाच मित्र, लांब केस, लेदर जॅकेटं, एकासाठी सगळे धावतात. 'दोस्ती असावी तर अशी.' आवाज नव्हता ना.

आता आवाजासकट बघितलं तर काय दिसतं? मित्राला मित्रापासून तोडणारा आपल्याच टोळीचा. बीला मारणारा आपल्याच टोळीचा. भर बैठकीत च्यांगला खुर्चीवरून उठवणारे, हो-नामला हाकलणारे, सगळे आपलेच. बाहेरचा शत्रू असा जवळजवळ नाहीच. दुसऱ्या टोळीच्या ज्या माणसाला ही पोरं मारतात त्याने त्यांचं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. वरून हुकूम आला, मारला. तरीही सिनेमा संपताना आपण भारावलेले असतो, आणि दिग्दर्शकाला तेच हवं असतं. म्हणजे भाऊबंदकीची गोष्ट सांगायची आणि ती भाऊगिरीची म्हणून विकायची. हे त्याने मुद्दाम केलंय की आमच्यासारखीच त्याचीही फसगत झालीय, हे मला ठरवता येत नाहीये. म्हणून हा धागा.

कडीपत्ता

एकिन चेंगचे केस!! बाकी काही आठवत नाही. मी तसे वाढवले होते, बाबांनी स्वतः कापले.

टेंभीनाका

कडीपत्ता, +१. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला 'चायनीज कट' म्हणून सांगितलं की तो मागे सोडून पुढचे कापायचा.

अर्धाचहा, मुद्दा पटला. पण यात नवल काय? आपल्याकडे गिरणगावात १९८२ च्या संपानंतर हेच झालं. गिरण्या थंडावल्या, पोरं रिकामी झाली, कुणीतरी 'भाऊ' भेटला. गरिबी, बेकारी, टोळी. सगळीकडे एकच गोष्ट.

तुंगचुंगकर

हाँगकाँगमध्ये अकरा वर्षं राहतोय म्हणून थोडं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी शब्द, कारण सबटायटल्सनी बराच घोळ घातलाय. सिनेमाचं कँटोनीज नाव 'कू-वाक-चाय', म्हणजे गल्लीतलं बेरकी पोरगं, टपोरी. याच नावाचं कॉमिक आधी निघत होतं, सिनेमा त्यावरूनच आलाय. म्हणून तर मध्येमध्ये चालतं दृश्य गोठून त्याचं कॉमिकमधलं चित्र होतं, आठवत असेल. इंग्रजीत ज्याला 'अग्ली क्वान' म्हणतात त्याचं मूळ नाव 'लेंग-क्वान', म्हणजे देखणा क्वान! टोपणनावातला टोमणा इंग्रजीत जाताना पार उलटा झाला. 'चिकन'ही भित्रा वगैरे नाही. 'सान-काय' म्हणजे रानकोंबडा. आणि पाचांपैकी एकाचं नाव 'पाव-पेय' आहे, त्याचा अर्थ इथे लिहिला तर प्रतिसाद उडेल.

टोळीतल्या वरच्या माणसाला 'ताय-लो' म्हणतात. शब्दशः मोठा भाऊ. आपला 'दादा' जसा घरातलाही असतो आणि नाक्यावरचाही, अगदी तसंच. 'बी'ला कुणी नुसतं बी म्हणत नाही, 'ताय-लो-बी' म्हणतात, म्हणजे बीदादा. एखाद्या भागाचा कारभार ज्याच्या हाती तो 'वा-सी-यान', ज्याचा शब्द चालतो तो. दोन टोळ्यांनी बसून मिटवामिटवी करायची त्याला 'कोंग-सोउ', म्हणजे आकडे बोलणं. मला हा शब्द फार आवडतो. इज्जत, सूड, भावाचं रक्त असलं सगळं बोलून झालं की शेवटी टेबलावर आकडाच येतो.

आणि अर्धाचहा ज्याला भाऊगिरी म्हणतोय त्याला इथे 'यी-हेय' म्हणतात. त्याचा देव क्वान-कुंग, लाल चेहऱ्याचा, दाढीवाला. तीन राज्यांच्या कथेतला सेनापती, पीचच्या बागेत दोघांबरोबर बंधुत्वाची शपथ घेतलेला. टोळ्या त्याची पूजा करतात. गंमत म्हणजे हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याचे देव्हारे असतात. दोन्हीकडचे लोक सकाळी एकाच देवाला उदबत्ती लावून कामाला लागतात.

टेंभीनाका, गिरणगावाशी तुलना मोहात पाडणारी आहे, पण क्रम वेगळा. ट्रायड टोळ्यांचं मूळ शपथ घेतलेल्या गुप्त मंडळ्यांत, 'छिंगांना उलथा, मिंगांना परत आणा' (दोन्ही चीनमधली जुनी राजघराणी) ही त्यांची जुनी घोषणा. हाँगकाँगमध्ये त्यांना उधाण आलं ते युद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई झोपडपट्टीला आग लागली, सुमारे ५३ हजार लोक उघड्यावर आले आणि त्यानंतर सरकारने निर्वासितांसाठी वसाहती बांधायला घेतल्या. त्यातून पुढे जे सरकारी घरांचं जाळं उभं राहिलं, त्यातलीच पोरं म्हणजे हो-नाम आणि मंडळी. १९९५ मध्ये हाँगकाँगमध्ये काम मिळत नव्हतं असं काही नाही. ती पोरं बेकारीमुळे टोळीत जात नाहीत. मैदानात मार पडला तेव्हा सोडवायला कुणी आलं नाही, म्हणून जातात.

टेंभीनाका

मान्य. 'सोडवायला कुणी आलं नाही' हे मात्र आमच्याकडेही तंतोतंत.

रेघोट्या

मी शाळेत शिकवते. सगळ्यांचं स्मरणरंजन वाचून जरा चिडचिड झाली म्हणून लिहितेय.

हा सिनेमा आला तेव्हा हाँगकाँगमध्येही ओरड झाली होती की यामुळे शाळकरी पोरांना टोळीत जावंसं वाटतंय. ती ओरड उगाच होती का? हो-नाम सिनेमाभर कुणाची खंडणी गोळा करताना दिसतो? कुठल्या दुकानदाराचं कपाळ फुटतं? कॉजवे बे त्याच्या ताब्यात आहे म्हणजे नक्की काय, ते आपल्याला दाखवतच नाहीत. देखणा नट, चांगले कपडे, छान गाणी, मित्र. घाणेरडं जे काही ते सगळं क्वानच्या गळ्यात. चांगला गुंड आणि वाईट गुंड अशी विभागणी एकदा केली की गुंडगिरीबद्दल प्रश्नच उरत नाही.

सध्या पुण्यात कोयते घेऊन रील करणारी पोरं बघते. त्यांना कँटोनीज येत नाही, पण चाल, नजर, पाच जणांनी एका ओळीत येणं, सगळं तेच.

अर्धाचहा

रेघोट्या, मुद्दा बिनतोड आहे. खंडणीचं खरंच लक्षात आलं नव्हतं. हो-नामचं पोट कशावर चालतं हे मी सहा वेळा बघून सांगू शकत नाही.

तुंगचुंगकर

ते मी सांगतो. नाइटक्लबबाहेरच्या गाड्या लावणं, लाल मिनीबसचे थांबे, फेरीवाले, बार. आणि नव्या सरकारी इमारतीत लोक राहायला आले की घराची सजावट 'आमच्याच' माणसाकडून करून घ्या, हा तर जुना ठरलेला धंदा. नवरा-बायको चावी घेऊन येतात, दारात दोघं उभे असतात, फरशी कुठली बसवायची ते सांगायला. यावर सिनेमा कोण काढणार!

कायद्याचंही सांगतो. इथे ट्रायडचा सदस्य असणं हा गुन्हा आहेच, 'मी सदस्य आहे' असं नुसतं म्हणणंही गुन्हा आहे. दुकानात जाऊन 'आम्ही अमुक टोळीचे' एवढं बोललं तरी आत जाऊ शकता. त्यामुळे सिनेमातली 'हुंग हिंग'ही काल्पनिक. 'हुंग' हा शब्द मात्र जुन्या मंडळ्यांचा खरा.

कॅसेटवाला

अरे वा, आमचा विषय निघाला. नव्वदच्या दशकात माझी व्हिडिओ लायब्ररी होती. हाँगकाँगचा माल म्हणजे हमखास गिऱ्हाईक. लोक नाव विचारायचे नाहीत, 'उडीवाला आहे का बंदूकवाला' एवढंच. हा सिनेमा दोन्हींत बसत नव्हता म्हणून आधी पडून राहिला, मग कॉलेजच्या पोरांनी उचलला.

रेघोट्या म्हणतात ते खरं, पण या सिनेमाच्या आधी काय होतं तेही बघा. १९८६ चा 'अ बेटर टुमॉरो' घ्या. लांब कोट, काळा चष्मा, दोन्ही हातांत पिस्तुलं, चाळिशीकडे झुकलेली, दुःख पचवलेली माणसं. दहा वर्षांनी या सिनेमाचा दिग्दर्शक अँड्र्यू लाउ याने त्या सगळ्याला टी-शर्ट चढवला. पिस्तुलं गेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले कलिंगड कापायचे सुरे आले. नाव खरंच तेच आहे, कलिंगडसुरी. लाउ मूळचा छायालेखक, 'सिटी ऑन फायर'चं आणि 'चुंगकिंग एक्सप्रेस'च्या एका भागाचं काम त्याचंच. इथेही कॅमेरा त्याने स्वतःच धरलाय. खांद्यावर कॅमेरा, रात्रीचा खरा रस्ता, निऑन पाट्यांचाच उजेड. मारामारीत कोण कुणाला मारतोय ते धड दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. तीस जण अरुंद गल्लीत घुसले तर आतल्या माणसाला तरी काय दिसणार? हाच लाउ पुढे २००२ मध्ये 'इन्फर्नल अफेअर्स'चा सहदिग्दर्शक, ज्यावरून हॉलिवूडने 'द डिपार्टेड' काढला.

आणि धंदा बघा. पहिला भाग जानेवारी १९९६, दुसरा मार्चअखेर, तिसरा जूनअखेर. सहा महिन्यांत तीन! आमच्याकडे पहिल्या भागाची कॅसेट परत येईपर्यंत तिसरा आलेला असायचा. अर्धाचहा विचारतो की हे मुद्दाम की फसगत. सहा महिन्यांत तीन सिनेमे काढणाऱ्या माणसाला फसगत व्हायला वेळ कुठला?

आता खरी मेख. हाँगकाँगच्या सिनेमाधंद्यात टोळ्यांनीच हात घातला होता. नटाला धमकावून तारखा घ्यायच्या, पैसा फिरवायचा. जानेवारी १९९२ मध्ये एका विनोदी सिनेमाच्या निगेटिव्ह लॅबमधून पळवल्या गेल्या, आणि मग मोठमोठे नटनट्या टोळ्यांविरुद्ध मोर्चा काढून रस्त्यावर उतरले. त्यानंतर चार वर्षांनी हा सिनेमा येतो, आणि त्यातला सर्वांत नीच माणूस क्वान काय धंदा करतो? तो सिनेमे काढतो! तसले सिनेमे, पण सिनेमेच. एवढं करून तुम्ही म्हणता दिग्दर्शकाला कळत नव्हतं?

कडीपत्ता

आयला! क्वान निर्माता आहे हे मी विसरलोच होतो.

पावशेर

कॅसेटवाला जोरात. 👏

फ्रान्सिस एन्गबद्दल कुणीच कसं बोलत नाही? आख्खा सिनेमा त्याच्या घोगऱ्या आवाजावर उभा आहे. आवाज बंद करून बघितला म्हणजे अर्धाचहाने नेमका तोच घालवला. एन्गचा क्वान इतका चढला की त्याच वर्षी 'वन्स अपॉन अ टाइम इन ट्रायड सोसायटी'मध्ये त्याला तसल्याच गुंडाची मुख्य भूमिका मिळाली.

टोळीप्रमुख च्यांग म्हणजे सायमन याम. शांत, सुटातला, सभ्य. याच यामला दिग्दर्शक जॉनी टोने २००५ मध्ये 'इलेक्शन'मध्ये घेतलं. तिथेही तो शांत आणि सभ्य. टोळीच्या अध्यक्षपदाची निवडणूक, सत्तेची खूण म्हणून एक लाकडी दंडुका आणि त्याच्यामागे सगळे पळतायत. आख्ख्या सिनेमात एकही गोळी सुटत नाही. शेवटच्या मासेमारीच्या प्रसंगात हा सभ्य माणूस जे करतो ते बघितल्यावर 'यंग अँड डेंजरस'मधल्या च्यांगकडे मला सरळ नजरेने बघता येत नाही. रेघोट्यांना हवा असलेला सिनेमा तोच. फक्त त्याला नऊ वर्षं उशीर झाला.

तुंगचुंगकर

'इलेक्शन'मधल्या विधीबद्दल पुस्ती जोडतो. ट्रायडच्या दीक्षेत छत्तीस शपथा असतात. मोडली तर पाच विजा कोसळून मरेन, असंख्य सुऱ्यांखाली मरेन, अशा. पदांना आकडे असतात : साधा सदस्य ४९, मारामारीवाला 'लाल काठी' ४२६, हिशेब-सल्ल्याचं बघणारा 'पांढरा कागदी पंखा' ४१५, सर्वांत वर ४८९. इथल्या रोजच्या बोलण्यातही हे घुसलंय. ऑफिसातल्या फितुरालाही 'पंचवीस' म्हणतात, टोळीच्या भाषेत तो आकडा गद्दाराचा.

मला त्या शपथा वाचताना नेहमी वाटतं, भावाला फसवू नको हे छत्तीस वेळा वदवून घ्यावं लागतं, म्हणजे काय ते समजा.

निळीशाई

वाचनमात्र होते, आता राहवलं नाही.

एवढे प्रतिसाद, त्यात बायका कुठे आहेत? सिनेमात दोनच धड लक्षात राहतात. एक स्मार्टी (जीजी लाय), गाड्या चोरणारी, बोलताना अडखळणारी. सुरुवातीला हो-नामलाही पुरून उरते, मस्त पात्र आहे. मग प्रेमात पडते आणि पुढे तिचं काम म्हणजे संकटात सापडणं.

दुसरी चिकनची मैत्रीण. मकावच्या सापळ्यात औषध हो-नामला पाजलं म्हणून सगळे हळहळतात. तिचं काय झालं? त्या रात्रीचा 'अन्याय' कुणावर झाला? अर्धाचहाने गोष्ट सांगताना लिहिलंय, 'चिकनच्या मैत्रिणीबरोबर झोपवलं जातं', आणि पुढच्याच वाक्यात 'चिकन तैवानला निघून जातो'. सिनेमाही हेच करतो. दोन मित्रांमध्ये काय बिघडलं एवढंच महत्त्वाचं. यी-हेय फक्त पुरुषांना लागू असतं वाटतं.

याच मालिकेतून निघालेला १९९८ चा 'पोर्टलँड स्ट्रीट ब्लूज' बघा. मोंगकॉकमधल्या रस्त्यावर राज्य करणारी टोळीतली बाई, 'सिस्टर थर्टीन'. सँड्रा एन्ग एरवी विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध, इथे ती हसवत नाही. तिला हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि शू ची हिला सहायक अभिनेत्रीचा. पाच केसाळ पोरांच्या मालिकेतला सर्वांत चांगला सिनेमा बायकांचा निघावा, यातच काय ते आलं.

रेघोट्या

निळीशाई, अगदी. हा बघणार.

कॅसेटवाला

'पोर्टलँड स्ट्रीट' माझ्याकडे होता, वर्षभरात दोनदा गेला. दोन्ही वेळा 'तसला' असेल समजून नेला आणि शिव्या घालत परत आणला.

टेंभीनाका

😂😂

तुंगचुंगकर, एक अवांतर. आत्ता कॉजवे बेला गेलं तर काय दिसतं? हो-नामचं काही शिल्लक?

तुंगचुंगकर

काही नाही. मॉल, सौंदर्यप्रसाधनांची दुकानं, ट्रामची टिंगटिंग आणि रविवारी चालायला जागा नाही इतकी गर्दी. निऑनच्या पाट्याही बऱ्याचशा उतरवल्या, बांधकाम नियमांत बसत नाहीत म्हणून. लाउने कॅमेऱ्यात पकडलेला तो उजेड आता सिनेमातच बघायचा. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे दोघे मात्र अजूनही कराओकेला गेले की त्या सिनेमांतली एकिन चेंगची गाणी म्हणतात, गळ्यात गळे घालून. एक अकाउंट्सला आहे, दुसरा त्याच्याकडून प्रवासखर्चाची बिलं पास करून घेतो. महिन्याला भांडतात. आकडे बोलतात म्हणा ना.

पावशेर

त्या पोरांचंही तेच. २०१८ मध्ये जुनी टीम 'गोल्डन जॉब' नावाच्या सिनेमात पुन्हा एकत्र आली. पोटं सुटलेली, पण एका ओळीत चालत येणं कायम.

अर्धाचहा

दोन दिवस ऑफिसच्या कामात होतो, आत्ता सगळं वाचलं. कॅसेटवाला, क्वानच्या निर्माता असण्याकडे मी गंमत म्हणून बघितलं होतं. आता तो प्रसंग वेगळाच वाटतोय. माझी 'फसगत' मागे घेतो, त्याला सगळं कळत होतं.

निळीशाई, तुमचा प्रतिसाद वाचून वर जाऊन माझीच दोन वाक्यं परत वाचली. मग चिकनच्या त्या मैत्रिणीचं नाव आठवायला बसलो. येईना. हॉस्टेलच्या ग्रुपवर विचारलं. अकरा जण आहेत. हो-नामच्या पाठीवरचा ड्रॅगन कुठून कुठपर्यंत आहे ते चौघांनी सांगितलं, एकाने क्वानची नक्कल करून व्हॉइस मेसेज पाठवला. नाव एकालाही आठवलं नाही.

रात्री परत लावतोय.

निळीशाई

आवाज चालू ठेव.

कडीपत्ता

लिंक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर रे. दुसऱ्या भागाचीही.